३१ व्या किलोमीटरला नेमकं काय संपलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४३, वजन ७६ किलो, पुण्यात राहता, दोन वर्षं धावताय. आठवड्याला साधारण ३५ किलोमीटर, सर्वात लांब रन २६, तीही एकदाच. हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) २ तास १८ मिनिटांत होते. जानेवारीत मुंबईला पहिली फुल मॅरेथॉन (४२.२ किलोमीटर) केलीत. पहिली २१ किलोमीटर २:२० मध्ये गेली, ३१ ला पायांत त्राणच उरलं नाही, पेडर रोडच्या चढाला तुम्ही फुटपाथवर बसलात आणि चालत-धावत ५:३५ ला पोचलात. ग्रुपमधले म्हणतात, 'सगळं मनात असतं, तू मनाने हरलास.' घरचे म्हणतात, 'या वयात झेपेल तेवढंच करावं.' आणि तुम्ही विचारताय, ही खरंच माझी मर्यादा आहे, की मला नुसतं तसं वाटलं?

ग्रुपवाले आणि घरचे एकाच ठिकाणी चुकतायत. मर्यादा म्हणजे एकच भिंत आहे असं दोघंही धरून चाललेत. मॅरेथॉनमध्ये निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी संपू शकतात: स्नायूंतली साखर, मांड्यांची सोसण्याची ताकद, शरीर थंड ठेवण्याची क्षमता, हृदय-फुप्फुसांचा दम, आणि मेंदू लावतो तो ब्रेक. यातली जी सर्वात कच्ची ती आधी जाते. गंमत अशी की कुठलीही गेली तरी आतून एकच ऐकू येतं: 'आता नाही होत.' त्यामुळे शरीर की मन हा वाद बाजूला ठेवा. आधी काय गेलं, एवढंच शोधायचं आहे.

घड्याळाचे आकडे टाकलेत ते फार बरं केलंत, कारण उत्तर बरंचसं त्यातच आहे. पहिल्या २१ किलोमीटरला तुमचे हृदयाचे ठोके मिनिटाला १६६-१६८ होते. तुमच्या सर्वोत्तम हाफची सरासरी १७०. म्हणजे फुलचा पहिला अर्धा भाग तुम्ही जवळजवळ हाफची रेस म्हणून धावलात. पुढे ३१ नंतर ठोके १४८ वर उतरले, आणि त्याच वेळचे कष्ट तुम्ही 'दहापैकी नऊ' लिहिलेत. ही जोडी बघा: कष्ट वाढतायत आणि ठोके उतरतायत. उन्हाने किंवा पाणी कमी पडल्याने माणूस ढेपाळतो तेव्हा उलट होतं, पेस (धावण्याची गती, दर किलोमीटरला किती मिनिटं) पडतो आणि ठोके चढत जातात. इंजिनाला दम होता, पण पाय ते काम घ्यायला तयार नव्हते. असं दिसलं की माझा पहिला संशय इंधनावर आणि दुसरा मांड्यांवर.

इंधनाचा ढोबळ हिशेब करू. धावताना दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण १ कॅलरी लागते. ७६ किलोच्या माणसाला ४२.२ किलोमीटरला ३२०० च्या आसपास. स्नायू आणि यकृत मिळून वापरता येईल अशी साखर (ग्लायकोजेन) असते १८०० ते २००० कॅलरींची. बाकीची ऊर्जा चरबीतून येते आणि चरबी कुणाचीच संपत नाही, पण ती सावकाश जळते. जितकं जोरात धावाल तितका साखरेचा वाटा वाढतो. तुमच्या त्या दिवशीच्या जोराला तो ८० टक्क्यांच्या घरात धरला, तर ३१ किलोमीटरला ७६ × ३१ × ०.८, म्हणजे १९०० कॅलरी. टाकी तिथेच रिकामी. तुम्ही खाल्लं काय, तर एक जेल (धावता धावता खायची गोड, घट्ट पेस्टची पुडी), म्हणजे २५ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं), १०० कॅलरी. दीड किलोमीटरसुद्धा धड नाही. हे आकडे माणसागणिक इकडेतिकडे होतात, पण सगळ्या जगात धावणाऱ्यांना ती 'भिंत', म्हणजे अचानक सगळं संपल्यासारखं होणं, ३० ते ३५ च्या दरम्यानच का लागते त्याचं मुख्य कारण हेच.

मग चूक कुठे झाली? ३१ ला नाही, पहिल्या पाचात. आठवड्याला ३५-४० किलोमीटर करणाऱ्यांसाठी मी हाफची दुप्पट अधिक २५ मिनिटं असा अंदाज धरतो. तुमचे २:१८ दुणे ४:३६, अधिक २५, म्हणजे ५:०१, धरू पाच तास. दर किलोमीटरला ७:०७. तुम्ही धावलात ६:३८ ने. ते २९ सेकंद पहाटे, गार हवेत, ढोलताशात जाणवत नाहीत. उलट वाटतं की आज काय भारी चाललंय! पुण्यातून मुंबईला जाणाऱ्यांना आणखी एक फटका बसतो. जानेवारीत आपण कोरड्या, गार हवेत सराव केलेला असतो. तिथे दमटपणामुळे घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि गळलेला घाम अंग गार करत नाही. त्यामुळे त्याच पेसला ठोके पाच-सात जास्त पडतात. पहिल्या रेसला हे धरून पेस आणखी पाच सेकंद सोडावा.

आता मनाचा भाग. तो खोटा नाही, फक्त ग्रुपवाले सांगतात तसा नाही.

मेंदू शरीराला अगदी तळापर्यंत जाऊ देत नाही, आधीच ब्रेक लावतो. दक्षिण आफ्रिकेचे क्रीडाशास्त्रज्ञ टिम नोक्स यांनी याला 'सेंट्रल गव्हर्नर' (मध्यवर्ती नियंत्रक) म्हटलं. त्या मांडणीवर शास्त्रज्ञांत जोरदार वाद आहेत, पण काही निरीक्षणं पक्की आहेत. ४० किलोमीटर रडतखडत आलेला माणूस फिनिशची कमान दिसताच पळत सुटतो, ते कशाच्या बळावर? २००४ च्या एका प्रयोगात तासाभराच्या सायकलिंगमध्ये कार्बचं पाणी नुसतं तोंडात खळखळून थुंकायला लावलं, गिळायचं नाही. तरी कामगिरी सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली. पोटात काही गेलं नव्हतं, जिभेने फक्त मेंदूला निरोप दिला की माल येतोय. आणि २००९ मध्ये संशोधक सॅम्युएल मार्कोरा यांच्या गटाने काही जणांना आधी दीड तास डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग सायकलवर बसवलं. ते सुमारे १५ टक्के लवकर थांबले. हृदय-स्नायूंचे आकडे बिघडले नव्हते, तेच कष्ट त्यांना सुरुवातीपासून जास्त वाटत होते.

म्हणजे ब्रेक आहे. पण तो मेंदू हवेतून लावत नाही. किती साखर उरली, अंग किती तापलं, अजून किती जायचंय आणि असं काम पूर्वी कधी निभावलंय का, यावरून लावतो. तुमच्या मेंदूकडे २६ च्या पुढचा एकही पुरावा नव्हता. त्यात टाकी रिकामी. त्याने ब्रेक लावला यात त्याचं काय चुकलं? 'मन घट्ट कर' म्हणून तो सुटत नाही. पुरावा दिला की सुटतो, तोही थोडाथोडा.

इथे कुणीतरी हमखास बॅनिस्टरची गोष्ट सांगतो: चार मिनिटांत मैल अशक्य मानला जात होता, एकाने तो मोडला आणि लगेच रांग लागली. गोष्ट अर्धीच सांगतात. ब्रिटिश धावपटू रॉजर बॅनिस्टरने ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डला ३:५९.४ केले आणि ४६ दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने तो विक्रमही मोडला, हे खरं. पण आधीचा विक्रम ४:०१.४ होता, १९४५ पासून, आणि लँडी स्वतः ४:०२ पर्यंत अनेकदा येऊन गेला होता. ओलांडायचे होते दोन सेकंद, एक टक्कासुद्धा नाही. शिवाय बॅनिस्टरच्या पुढे वेग धरायला ब्रॅशर आणि चॅटवे हे दोघं होते, आणि मागे हिवाळाभर पाव-पाव मैलाच्या दहा फेऱ्यांचा सराव होता. सराव आधी, विश्वास मागून.

तर पुढच्या जानेवारीसाठी काय करायचं. सप्टेंबरच्या मध्यापासून १८ आठवडे मिळतात.

आठवड्याचं अंतर ३५ वरून ५५ पर्यंत न्या, तीन आठवडे चढवत आणि चौथ्या आठवड्यात पाव भाग उतरवत. हा चौथा आठवडा लोक टाळतात, आणि बाराव्या आठवड्यात नडगी धरून बसतात. बॅनिस्टरसुद्धा पाव मैलाला ६१ सेकंदांवर अडकला होता. मग तीन-चार दिवस धावणं सोडून स्कॉटलंडात कडे चढायला गेला आणि परत आल्यावर ५९ मध्ये धावला.

पाचातले चार दिवस सावकाश धावायचं. सावकाश म्हणजे धावता धावता आरतीचं एक अख्खं कडवं न तुटता म्हणता आलं पाहिजे. तुमच्यासाठी ७:४० ते ७:५०. हा पेस तुम्हाला अपमानास्पद वाटेल. वाटू दे. चरबी जाळायची सवय पायांना इथेच लागते. पाचव्या दिवशी जोराचं काम: २ किलोमीटर वॉर्म-अप, मग ६:३० च्या पेसने १० मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये ३ मिनिटं जॉग.

लाँग रनबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही: ३२ चा हट्ट सोडा. तुमच्या सावकाश पेसने ३२ म्हणजे चार तासांच्या वर. त्यातून मिळतं थोडं, मोडतं जास्त, आणि पुढचा अख्खा आठवडा वाया जातो. साडेतीन तासांवर, म्हणजे २७-२८ वर थांबा. त्याऐवजी महिन्यातून एकदा शनिवारी १४ आणि रविवारी २४ अशी जोडी करा. रविवारी पाय आधीच रिकामे असतात, त्यामुळे ३० च्या पुढची चव २४ मध्येच कळते. शेवटच्या सहा लाँग रनपैकी तीनमध्ये शेवटचे ५ ते ८ किलोमीटर ७:०५ ने धावा. थकलेल्या पायांनी वेग वाढवता येतो, हा मेंदूला द्यायचा सर्वात स्वस्त पुरावा. एकाच आठवड्यात मात्र अंतर, वेग आणि चढ तिन्ही वाढवू नका. तसं केलं तर दुखलं कशाने हेच कळत नाही.

मांड्यांसाठी टेकडी. चढण नव्हे, उतार. धावताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असताना आकसतो. त्याने तंतूंना बारीक इजा होते, आणि ३० नंतर 'मांड्या विटेसारख्या झाल्या' म्हणतात ती हीच. हलक्या उतारावर २०० मीटरच्या सहा-आठ खेपा, दहा दिवसांतून एकदा. छोटी पावलं, टाच आपटायची नाही. पहिल्यांदा दोन दिवस जिना उतरताना कळवळाल, तिसऱ्या वेळेपासून निम्मंही दुखणार नाही, कारण स्नायू तो मार लक्षात ठेवतो. रेसच्या तीन आठवडे आधी हे बंद करा. जोडीला आठवड्यातून दोनदा, घरच्याच पायरीवर: एका पायाने टाच उचलणं १५ चे तीन सेट, आणि एका पायावर तोल धरून पायरीवरून सावकाश खाली उतरणं, प्रत्येक बाजूला १० चे तीन. उतरताना मनात तीन मोजायचे. गुडघा आत झुकत असेल तर पायरी बुटकी घ्या.

खाण्यात तुमचा सर्वात मोठा फायदा पडून आहे. लक्ष्य तासाला ४० ग्रॅम कार्ब, पहिल्या ३० मिनिटांपासून. भूक लागायची वाट पाहिली की उशीर झालाच. एक जेल २५ ग्रॅम, मध्यम केळं २० ते २५, चार साधे बिनबियांचे खजूर साधारण २५. जेल घ्यायचं तर साध्या पाण्याबरोबर. वरून गोड एनर्जी ड्रिंक प्यायलात तर पोट ढवळतं. शेंगदाण्याची चिक्की रेसमध्ये नको, त्यातलं तेल पोटात बसून राहतं. घरी करायचं तर १ लिटर पाण्यात १२ सपाट चहाचे चमचे साखर (सुमारे ५० ग्रॅम), अर्धा चमचा मीठ, दोन लिंबं. साखर दुप्पट केली की ते नीट शोषलं जात नाही आणि पोटात डचमळतं. ७:०७ च्या पेसला साखरेचा वाटा ६५ टक्क्यांवर आला असं धरलं तर पूर्ण रेसला २१०० कॅलरी साखर लागेल. टाकीत १९००, आणि पाच तासांत ४० च्या हिशेबाने वरून ८००. या वेळी हिशेब जमतो. पण आतड्यालाही सराव लागतो, त्यामुळे प्रत्येक लाँग रनला हेच खायचं. रेसच्या दिवशी एक्स्पोत (रेसआधीच्या प्रदर्शनात) मिळालेलं नवं जेल फोडणाऱ्यांची रांग कुठे लागते, ते सांगायला नको.

रेसच्या आधीचे दोन दिवस दिवसाला ५०० ते ६०० ग्रॅम कार्ब. शिजलेल्या वाटीभर भातातून ४० ग्रॅमच्या आसपास मिळतं, यावरून अंदाज घ्या. म्हणजे भात, पोहे, उपमा, बटाटा, केळी, आणि उसळी-कोशिंबिरी कमी. वजन एखादा किलो वाढेल, ते साखरेबरोबर साठलेलं पाणी असतं. सुरुवात पहाटे ५ ची असेल तर ३ ला उठून ब्रेड-जॅमच्या चार स्लाइस आणि दोन केळी.

पाण्याचा आकडा दुसऱ्याचा घेऊ नका. तासभर धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कपड्यांविना वजन करा. मध्ये काही न पिता ८०० ग्रॅम उतरलं असेल तर तुमचा घाम तासाला ८०० मिली. त्यातला निम्मा ते दोन तृतीयांश भरून काढला की पुरे. धावून वजन वाढलेलं दिसलं तर जास्त पिताय, आणि पाच तास रस्त्यावर असणाऱ्यांना तो धोका जास्त, कारण रक्तातलं सोडियम पातळ होतं. मुंबईच्या दमट हवेसाठी शेवटचे १०-१२ दिवस पुण्यात दुपारी ३-४ वाजता ४५ मिनिटं सावकाश धावा. दमटपणा इथे आणता येत नाही, पण लवकर आणि जास्त घाम यायची सवय लावता येते.

रेसच्या दिवशी पहिले ५ किलोमीटर ७:१५ ने, मग ७:०७ धरायचा. ३० ला पोचल्यावर 'अजून १२' असं म्हणू नका. बारा वेळा सात मिनिटं, आणि दर दोनला एक घोट. 'नाही होत' असं वाटलं की काय करायचं ते आधीच कागदावर लिहून ठेवा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. माझा क्रम असा: ९० सेकंद चाला, गोड काहीतरी तोंडात घोळवून गिळा, खांदे सैल सोडा, मग २०० मीटर सावकाश पळून बघा. तीन-चार मिनिटांत पाय परत आले तर तो ब्रेक होता. दोनदा करूनही आले नाहीत तर इंधन किंवा स्नायू गेलेत. चालत-धावत पुरं करा, त्यात काही कमीपणा नाही. आणि आदल्या आठवड्यात ऑफिसची मोठी डेडलाइन ठेवू नका, शिणलेल्या डोक्याचं काय होतं ते वर आलंच आहे.

काही वेळा मात्र ब्रेक खरा असतो आणि तो तोडायचा नसतो. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, बोलण्यात गोंधळ, उन्हात अंगावर काटा किंवा थंडी वाजणं, नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशी टोचणी, नंतर कोलासारखी गडद लघवी: यातलं काहीही असेल तर जिथे आहात तिथे थांबा आणि डॉक्टरकडे जा. चाळिशीनंतर, त्यात घरात कुणाला हृदयविकार असेल तर, १८ आठवडे सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलून ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्ट करून घ्या. धावण्याआधी पेनकिलर घेऊ नका. घाम गाळलेल्या मूत्रपिंडावर तो भार पडतो, आणि थांबायची खूणही पुसली जाते.

घरच्यांच्या वयाच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण ते दुसरीकडे. ४३ व्या वर्षी जोराच्या कामानंतर एका दिवसाऐवजी दोन दिवस लागतात सावरायला, म्हणून जोराचा दिवस आणि लाँग रन यांत ४८ तास ठेवा. ५:०० च्या फुलला वय आडवं येत नाही. ४:३० ला येईल का, ते तुमची झोप किती, आठवड्याला ५५ किलोमीटर सलग टिकतात का, आणि जुनं गुडघ्याचं दुखणं (तुम्ही ओझरतं लिहिलंय) काय म्हणतं, यावर आहे. त्यावर आज बोलण्यात अर्थ नाही.

आत्ता एवढं करा. पुढच्या तीन रविवारी २०, २२ आणि २४ धावा, सावकाश, तासाला ४० ग्रॅम खात. २४ च्या शेवटचे ५ किलोमीटर ७:०५ ने. दर पाच किलोमीटरचा पेस, ठोके आणि दहापैकी कष्ट, शिवाय आधीचं-नंतरचं वजन लिहून इथे टाका. शेवटच्या पाचात ठोके १६५ च्या खाली राहिले आणि कष्ट सातच्या वर गेले नाहीत, तर आपण ५:०० नव्हे, ४:५० चा पेस काढू.